कुंटे, अभिजित
(३ मार्च १९७७ – ). भारतीय बुद्धिबळपटू, दोन वेळचे राष्ट्रीय विजेते आणि प्रशिक्षक. जन्म पुणे येथे. १९९७ आणि २००० या वर्षांचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी पटकावले. २००० मध्येच त्यांना ग्रँडमास्टर किताब मिळाला. विश्वनाथन आनंद, दिब्येंदू बरुआ व प्रवीण ठिपसे यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते चौथे भारतीय होत.

खेळाडू म्हणून नाव कमावल्यावर कुंटे पुण्यात प्रशिक्षणाकडे वळले आणि त्यांनी नव्या पिढीला घडवण्याचे काम हाती घेतले. भारतीय महिला संघाचे कर्णधार म्हणून त्यांनी केलेली कामगिरी सर्वांत महत्त्वाची ठरली. बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये संघात पाच खेळाडू असतात, प्रत्येक फेरीत चौघे खेळतात. कोणाला विश्रांती द्यायची, हा नाजूक निर्णय कर्णधाराचा असतो.

त्यांच्या नेतृत्वाखाली २०२२ मध्ये चेन्नईजवळील मामल्लपुरम येथे झालेल्या ऑलिंपियाडमध्ये संघाने कांस्यपदक मिळवले. २०२४ मध्ये बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये हरिका, वैशाली, दिव्या देशमुख, वंतिका अग्रवाल व तानिया सचदेव यांच्या संघाने भारताला महिला गटातील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. नागपूरची दिव्या आणि वंतिका यांनी वैयक्तिक सुवर्णपदकेही जिंकली.

भारत सरकारने २०२१ चा ध्यानचंद जीवनगौरव पुरस्कार देऊन कुंटे यांच्या कार्याचा गौरव केला. महाराष्ट्राच्या बुद्धिबळ परंपरेत उत्तम खेळाडू आणि उत्तम मार्गदर्शक अशा दोन्ही नात्यांनी त्यांचे स्थान मोठे आहे.