कूपे भारी की सुपरकार? दमणी, पटाचा छकडा आणि लोणी ते माना

मागचा भाग टाकल्यावर अकोल्याहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. आवाजावरून बारावीतला असावा. म्हणे, "भाऊ, चालवायले लक्झरी कूपे भारी का सुपरकार? अन् पैसे कुठून आणशीन हे नोको विचारू." म्हटलं, बरं राजा, नाही विचारत. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, तर उत्तरही थोडं मागे जाऊनच देणार. आज चार थांबे आहेत: बैलगाडी, इटलीतला एक ट्रॅक्टरवाला, आपल्याच हायवेचा एक तुकडा आणि शेवटी आमचे आबाजी.

आधी माझी पात्रता सांगतो. दोन्ही प्रकारच्या गाड्या मी आयुष्यात एकेकदाच चालवल्यात. कूपे आमच्या ऑफिसमधल्या एका सीनिअरची, दोन दारांची, जर्मन. पुण्याहून मुंबईला जाताना एक्सप्रेसवेवर त्यांनी चावी हातात दिली. लक्षात काय राहिलं? शांतता. काटा शंभरच्या जवळ, पण वाटत होतं साठ. सीट पाठीला धरून ठेवते, इंजिन पुढे कुठंतरी गुणगुणतंय, आणि आम्ही सगळा वेळ गप्पा मारतोय. उतरलो तेव्हा मी सकाळइतकाच ताजा होतो.

सुपरकार मात्र दुबईत. प्रोजेक्टसाठी तिकडं होतो तेव्हा तिथल्या ऑटोड्रोम ट्रॅकवर पैसे भरून सहा फेऱ्या मारल्या. डोक्यात हेल्मेट, शेजारी इन्स्ट्रक्टर. बसायला नाही, गाडीत झोपायलाच जावं इतकी खाली सीट. इंजिन पाठीमागे, जणू कुणी मानेजवळ येऊन ओरडतंय. स्टिअरिंग जरा हललं की नाक लगेच वळतं. सहा फेऱ्यांत शर्ट घामानं भिजला. इन्स्ट्रक्टर सतत काहीतरी सांगत होता, त्यातलं "ब्रेक, ब्रेक" सोडून काहीच आठवत नाही.

माझ्यासाठी फरक इथंच कळला. एका गाडीत गप्पा होतात, दुसरीत होत नाहीत. आता हा फरक आला कुठून ते बघू.

'कूपे' हा शब्द मोटारीच्या फार आधीचा, घोडागाडीच्या काळातला. फ्रेंचमध्ये 'कुपे' म्हणजे कापलेलं. समोरासमोर दोन बाकं असलेल्या मोठ्या बंद बग्गीचं पुढचं बाक कापून टाकलं, छोटी, दोघांची, आरामशीर बग्गी तयार झाली, ती कूपे. म्हणजे जन्मापासूनच ही गाडी दोन माणसांनी सुखानं लांब जाण्यासाठी आहे.

आपल्या वऱ्हाडात याला जोड आहे. कापूस, कडबा, खत न्यायला बंडी. पण सासुरवाशीण माहेरी आणायची, लग्नाला किंवा जत्रेला जायचं, तर दमणी. हलकी, वरून छत, आत गादी. दमणीत बसलेल्याला धक्के कमी बसावेत ही तिची सगळी हुशारी. आणि तिसरी गाडी पटाची. शंकरपट ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर नावाजलेला. पटाच्या छकड्यात आराम शोधू नका. धुरकऱ्याला कसंबसं टेकता येईल एवढी जागा, बाकी सगळं वजन काढून टाकलेलं. धाव काही सेकंदांत संपते. आणि पटाची जोडी कुणी बंडीला जुंपत नाही. तिला खाऊपिऊ वेगळं, सराव वेगळा, काम एकच.

या धावेत बैलांचे हालही झाले, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. वेगाची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न तेव्हाही होता. तो लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

तर दमणी म्हणजे कूपे आणि पटाचा छकडा म्हणजे सुपरकार. मोटारींच्या जगात हे दोन्ही एकाच माणसाच्या कारखान्यातून दोन वर्षांच्या अंतरानं निघाले. फेरुचियो लॅम्बोर्गिनी, जन्म 1916, शेतकऱ्याच्या घरातला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या उरलेल्या गाड्यांचे सुटे भाग वापरून यानं ट्रॅक्टर बनवले आणि 1948 मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली. पैसा आला, महागड्या गाड्या घेतल्या, त्या मनासारख्या वाटेनात, म्हणून 1963 मध्ये मोटारींची कंपनी काढली. त्याला रेसिंग नको होतं. त्याला हवी होती वेगवान पण सभ्य गाडी, लांबच्या प्रवासाची. 1964 ची 350 जीटी तशीच होती: पुढे 3.5 लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, आत चामड्याच्या सीट. पक्की दमणी.

पण त्याच्या कारखान्यात काही पोरं होती. जाम्पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्टान्झानी, दोघांचाही जन्म 1936 चा, म्हणजे तेव्हा माझ्याच वयाचे इंजिनिअर. सोबत टेस्ट ड्रायव्हर बॉब वॉलेस. ऑफिसचं काम संपल्यावर ते वेगळीच गाडी आखत बसायचे. इंजिन पुढे न ठेवता सीटच्या मागे आणि तेही आडवं. मालकानं परवानगी दिली, कारण त्याला वाटलं, जाहिरात तरी होईल. 1965 च्या शेवटी तुरीनच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा ठेवला, मार्च 1966 मध्ये जिनिव्हात पूर्ण गाडी आली. बॉडी बेर्तोनेची, डिझाइन मार्चेल्लो गांदिनीचं. नाव मिउरा, लढाऊ बैल पाळणाऱ्या एका स्पॅनिश घराण्यावरून. ट्रॅक्टरवाल्याची गाडी, नाव बैलांचं! तळेगावच्या पटात शोभली असती. सुपरकार म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो तो आकार इथून सुरू होतो.

आता दोन्ही चालवताना वेगळं का वाटतं? बंडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ओझं मागे जास्त झालं की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की बैलांच्या माना दबतात. मिउरात इंजिन मागच्या बाजूला आणि पेट्रोलची टाकी नाकात. पेट्रोल संपत आलं की नाक हलकं व्हायचं, वरून फार वेगात हवा पुढचा भाग उचलायची. म्हणजे गाडी उलाळ व्हायला बघायची, आणि स्टिअरिंग तर पुढच्याच चाकांना! बंडीतला माणूस पुढे सरकून बसतो, मिउरातला काय करेल?

मधोमध वजन असण्याचा फायदाही मोठा. दोन्ही हातांत पाण्याच्या दोन बादल्या धरून गोल फिरून बघा. बादल्या अंगाजवळ असतील तर पटकन फिरता, हात लांब केले की जड जातं. सुपरकारचं वजन अंगाजवळ, म्हणून ती पटकन वळते. आणि एकदा सटकली तर तितक्याच पटकन गरकन फिरते, सावरायला वेळ देत नाही. कूपेत इंजिन पुढे, चाकांमधलं अंतर बहुतेक वेळा जास्त, स्प्रिंग मऊ. ती वळायला जरा वेळ घेते, पण तुम्हालाही वेळ देते. म्हणूनच एकीत गप्पा होतात आणि दुसरीत जीव मुठीत असतो.

आता रस्ता. सुपरकारच्या पोटाखाली साधारण 12 सेंटीमीटर जागा असते. आपल्या देशाच्या रस्ते मानकात गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलाय, 17 मीटर त्रिज्येचा. मी हिशोब केला. पुढच्या आणि मागच्या चाकांत 2.6 मीटर अंतर धरलं, तर त्या वळणाचा फुगा पोटाखाली जेमतेम 5 सेंटीमीटर वर येतो. म्हणजे नियमातल्या गतिरोधकावरून सुपरकार हळू का होईना, पण जाते. गावातल्या पोरांनी एका रात्रीत मातीमुरूम टाकून केलेल्यावरून नाही जात. तिथं अल्टोही घासते.

आणि इथं मी आबाजींकडे येतो. माझे आजोबा तरुणपणी पटात जोडी हाकायचे. 2019 च्या पावसाळ्यात एका रात्री त्यांना लकवा आला. आमचं गाव मूर्तिजापूरजवळ. शेजाऱ्यांच्या गाडीतून अमरावतीला निघालो. हायवेच्या चौपदरीकरणाचं काम तेव्हा बरीच वर्षं रखडलेलं, जागोजागी खड्डे, वळणरस्ते, चिखल. साधारण साठ किलोमीटरला अडीच तास लागले. आबाजींचं डोकं आईच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला बाबा ब्रेक लावायचे आणि आई हातानं डोकं सावरायची. लकव्यात प्रत्येक मिनिट मोलाचं असतं, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं. आबाजी वाचले, पण उजवा हात गेला तो गेलाच. जोडीचा कासरा धरणारा हात.

त्या रात्री सुपरकार असती तर पहिल्याच खड्ड्यात अडकली असती. कूपेत आबाजींना झोपवायला जागा नसती. तीनशेचा काटा काय कामाचा, रस्ता तीसच देत असेल तर?

मग 2022 आलं. 3 जूनला सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी अमरावतीकडच्या लोणीपासून मूर्तिजापूरकडच्या मान्यापर्यंत डांबराचा थर टाकायला सुरुवात झाली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि राजपथ इन्फ्राकॉनचं काम. जूनचं ऊन, त्यात गरम डांबरमिश्रण, आणि 720 माणसं दिवसरात्र. 7 जूनला संध्याकाळी 5 वाजता काम थांबलं. 105 तास 33 मिनिटांत एका लेनचा सलग 75 किलोमीटर थर, म्हणजे दोन लेनच्या हिशोबानं 37.5 किलोमीटर. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, 25.275 किलोमीटर, 2019 चा.

तेव्हा बरेच जण म्हणाले, विक्रमाचा देखावा कशाला? रखडलेल्या वर्षांचा जाब विक्रमानं पुसला जात नाही, हे मलाही मान्य आहे. पण 'सलग' या शब्दाला अर्थ आहे. डांबर पसरणारं मशीन जिथं थांबतं तिथं थर गार होतो आणि पुन्हा सुरू करताना सांधा पडतो. गाडीला 'धप्' लागतं ते बऱ्याचदा तिथंच. मशीन जितकं कमी थांबेल तितका रस्ता सपाट. मांडीवर डोकं ठेवून झोपलेल्या माणसाला तो सांधा कळतो.

आबाजी 2021 मध्ये गेले. हा रस्ता त्यांनी बघितला नाही. मागच्या दिवाळीत बाबांनी आमची जुनी हॅचबॅक त्याच रस्त्यावरून अमरावतीला नेली, आई पूर्ण वेळ मागे झोपली होती. मी स्पीडोमीटरकडे बघितलं, ऐंशी. ना कूपे, ना सुपरकार.

तर अकोल्याच्या भावा, तुझं उत्तर. सहा फेऱ्यांसाठी, बंद ट्रॅकवर, हेल्मेट घालून: सुपरकार, डोळे झाकून. आयुष्यात एकदा तरी चालव. पण कुणाला तरी सोबत घेऊन कुठंतरी पोचायचं असेल, तर कूपे. पटाची जोडी पटातच पळवायची असते. गुळगुळीत रस्ता मिळाला म्हणून हायवेचा पट करू नको. त्याच रस्त्यावर कापसाच्या बंड्या आहेत, उलट्या बाजूनं येणारे ट्रॅक्टर आहेत, आणि एखाद्या गाडीत मागच्या सीटवर कुणाचे तरी आबाजी असतील.

आणि हो, तुमच्या गावात अजून दमणी उभी असेल, गोठ्यात का होईना, तर फोटो पाठवा. पुढच्या भागात वापरू. चला राजेहो, भेटू.