पावती आधी, नोंद मागाहून

संघटनेच्या माणसाने संगणकाच्या अंतरंगाविषयी बोलावे ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु कामगाराची हजेरी, पगार, भविष्यनिर्वाह निधी हे सारे आज संगणकाच्या वहीत असते, आणि तंटा उभा राहिला म्हणजे त्या वहीवर निकाल लागतो. ती वही लिहिली कशी जाते हे पाहणे म्हणूनच आमच्या कामातलेच आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारी प्रणाली, रचावयास घेतली. डिस्क संथ, स्मृती चपळ. म्हणून युक्ती अशी की, प्रोग्रॅमने काही लिहावयास दिले की ते स्मृतीत ठेवून घ्यावयाचे, ‘लिहिले’ अशी पोच लगेच द्यावयाची, आणि डिस्कवर सवडीने उतरवावयाचे. ह्या मागाहून लिहिण्याला असिंक्रोनस म्हणतात. वर्गणी गोळा करणारा कार्यकर्ता गेटवर पावती फाडतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत भरतो, तसेच हे. वेग येतो हे खरे. पण मध्ये खिसा कापला गेला तर? पावती घेतलेला कामगार केव्हाच घरी पोहोचलेला असतो.

थॉम्प्सन ह्यांनी हा दोष लपविला नाही. १९७८ साली बेलच्या तांत्रिक नियतकालिकात त्यांनी स्वच्छ लिहिले की, ह्या पद्धतीत लेखन फसल्याची बातमी ज्याची त्याला पोहोचविणे जवळजवळ अशक्य होते, आणि यंत्र अवचित थांबले तर ‘झाले’ म्हणून सांगितलेले बरेच काम प्रत्यक्षात अपुरे राहते. इतका सरळ कबुलीजबाब मी वाटाघाटींच्या टेबलावर क्वचितच ऐकला आहे.

पुढे १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये ‘एफसिंक’ नावाची आज्ञा आली. तिचा अर्थ, ‘मी थांबतो, सारे डिस्कवर उतरले की मगच सांग.’ बर्कलीच्याच विद्यापीठात जन्मलेला पोस्टग्रेस हा डेटाबेस ह्या आज्ञेवर विसंबला. त्याची रीत आपल्या पेढीवरल्या मुनिमासारखी आहे. व्यवहार आधी रोजकीर्दीत पक्का टिपावयाचा, खतावणी मागाहून करावयाची, आणि खतावणी डिस्कवर उतरल्याचे एफसिंकने सांगितले की जुनी रोजकीर्द मोडीत काढावयाची.

ह्या रीतीतले छिद्र मार्च २०१८ मध्ये चव्हाट्यावर आले. युनिक्सच्या धर्तीवर १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी सुरू केलेल्या लिनक्सवर पोस्टग्रेस चालत होता, आणि डिस्कने लेखन नाकारले. एफसिंकने तसे सांगितलेही. पोस्टग्रेसने मुनिमाच्या सरळ बुद्धीने पुन्हा विचारले. ह्या वेळी उत्तर आले, ‘सारे ठीक.’ ठीक काहीच नव्हते. फसलेली पाने लिनक्सने ‘उतरली’ असा शिक्का मारून मोकळी केली होती, आणि चुकीची वर्दी एकदा दिल्यावर पुसून टाकली होती. दुसऱ्या खेपेस उतरवावयास काही उरलेच नव्हते! त्या ‘ठीक’वर भरवसा ठेवून रोजकीर्दही गेली. नोंद दोन्ही वह्यांतून नाहीशी, आणि पोच मात्र दिलेली.

वाद मोठा झाला. लिनक्सच्या बाजूने सांगण्यात आले की, लेखन फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कोणीतरी पेनड्राइव्ह मध्येच उपटणे. त्याची पाने जपत बसलो तर स्मृती भरून सारे यंत्रच अडेल. ह्यात तथ्य आहे. पण त्याच कुळातली फ्रीबीएसडी अशी पाने सहसा पुन्हा उतरविण्यासाठी राखून ठेवते, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता असे नाही. आणि पाने टाकावी लागली, तर टाकली म्हणून सांगत राहावे. फसलेल्या कामावर ‘झाले’चा शिक्का कशाला?

फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने आपली रीत बदलली. एफसिंक एकदा फसले की पुन्हा विचारावयाचे नाही, तत्काळ काम बंद! (हा उपाय आमच्या चांगल्या ओळखीचा.) मग नव्याने उठून शेवटच्या पक्क्या खुणेपासूनची रोजकीर्द वाचावयाची आणि खतावणी पुन्हा लिहावयाची. ती रोजकीर्द तोवर मोडीत निघालेली नसते, म्हणून हे साधते.