कोकोनट ग्रोव्हची आग आणि युद्धमृत्यूची व्याख्या

युद्धकाळी सैनिकाचा मृत्यू म्हणजे रणांगणावरील मृत्यू, असे समीकरण इतिहासलेखनात सहसा गृहीत धरले जाते. अमेरिकेतील बॉस्टन शहरी २८ नोव्हेंबर १९४२ रोजी, शनिवारी रात्री लागलेली आग हे समीकरण तपासून पाहावयास लावते. ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइट क्लबमधील त्या आगीत ४९२ माणसे प्राणास मुकली. मृतांत मोकळी संध्याकाळ लाभलेले कित्येक तरुण सैनिक व नाविक होते.

क्लबची अधिकृत क्षमता ४६० होती. उपस्थिती मात्र हजाराच्या घरात गेली होती. सव्वादहाच्या सुमारास तळघरातील मद्यगृहात आग लागली. छताचे कापड व कृत्रिम ताडांची सजावट पेटून अवघ्या काही मिनिटांत ती सर्वत्र पसरली. मुख्य प्रवेशमार्गावरील फिरते दार गर्दीने अडून बसले; इतर दारांपैकी काही कुलूपबंद, तर काही आतल्या बाजूस उघडणारी होती. आगीचे मूळ कारण अधिकृतरीत्या अनिर्णितच राहिले. परंतु मृत्युसंख्या एवढी का वाढली, याविषयी न्यायालयाला संदेह नव्हता. त्या रात्री रुग्णालयात असलेल्या मालकास १९४३ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली व १९४४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

आता प्रश्न असा की, येथे मेलेल्या सैनिकाची गणना कोठे करावयाची? दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या सुमारे ४,०५,००० लष्करी मृतांपैकी १,१३,००० हून अधिक ‘युद्धेतर’ या सदरात मोडतात. आजार, विमान-अपघात व कुलूपबंद दार ही सारी कारणे त्या एकाच सदरात विलीन होतात. वर्गीकरण म्हणून ते चुकीचे नव्हे. परंतु त्यामुळे कारणाचा, आणि त्यासह उत्तरदायित्वाचाही, लोप होतो. शत्रूच्या गोळीने पडलेल्या सैनिकाबद्दल कोणी दाराचा हिशेब मागत नाही. येथे मात्र तोच हिशेब मुख्य ठरतो.

तथापि या मृत्यूला युद्धापासून सर्वस्वी वेगळे काढणेही युक्त नव्हे. या तरुणास गणवेश चढवून बॉस्टनसारख्या नाविक ठाण्याच्या शहरी आणले ते युद्धानेच. हवाई हल्ल्याच्या भीतीने रुग्णालयांनी केलेली पूर्वतयारी व रक्तद्रवाचे साठे त्या रात्री भाजलेल्यांच्या उपयोगी पडले. तेव्हा दुर्मिळ असलेले पेनिसिलिनही त्यांच्यासाठी पाठविण्यात आले.

या दृष्टीने मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांचा १९४४ मधील तीव्र शोकावरील निबंध लक्षणीय आहे. त्यांनी या आगीतील मृतांचे आप्त व सैन्यातील व्यक्तींचे आप्त यांचा विचार एकाच अभ्यासात केला. लष्करी नोंदींनी निराळी केलेली दुःखे तेथे एकत्र आली. सैनिकाच्या मृत्यूचा इतिहास लिहिताना नोंदवहीतील सदर हा आरंभ होय, निष्कर्ष नव्हे. तो मृत्यू कशामुळे टळू शकला असता, हे विचारल्यावाचून तो इतिहास पूर्ण होत नाही.