स्वयंदुरुस्त बहुवारिके

भेग पडल्यास ती आपोआप सांधणारे बहुवारिक पदार्थ (पहा : बहुवारिके). अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इपॉक्सी रेझिनात द्रव एकवारिकाच्या सूक्ष्म कुप्या व उत्प्रेरकाचे कण मिसळले. वाढती भेग कुपीला भिडताच ती फुटते, द्रव केशाकर्षणाने भेगेत शिरतो आणि उत्प्रेरकाच्या संपर्काने घट्ट होतो (पहा : उत्प्रेरण). मात्र रिकामी कुपी पुन्हा उपयोगी पडत नाही, ही या पद्धतीची मोठी मर्यादा होय. फ्रान्समध्ये लुडविक लेब्लर यांच्या गटाने २००८ मध्ये मेदाम्ले व यूरिया यांपासून केलेल्या रबरात लहान रेणू हायड्रोजन बंधांनी स्वतःच जुळून जाळे बनवितात (स्वयंजुळणी), त्यामुळे कापलेले तुकडे सामान्य तापमानाला नुसते एकमेकांवर दाबले तरी पुन्हा सांधतात. ते बराच वेळ अलग राहिल्यास मोकळे बंधगट आपसांत जुळून ही क्षमता ओसरते (पहा : हायड्रोजन बंध).