मिरजेचा पत्रा, वाईचा कोश

कोणी साधी वेबसाईट मागितली की मला १८०५ सालची मिरज आठवते. त्या साली गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तिथे भगवद्गीता छापली गेली, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. काम प्रचंड कष्टाचं! पण कोरलेलं अक्षर त्या पानातच अडकलं. दुसरं पुस्तक छापायचं तर पुन्हा पहिल्यापासून कोरा. सुटे खिळे असले की तीच अक्षरं हवी तशी जुळवता येतात.

मराठी मजकूर चित्र म्हणून चिकटवलेली साईट म्हणजे हाच पत्रा. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तिथे मुका होतो आणि शोधलेला शब्दही सापडत नाही.

याउलट साताऱ्याकडे वाईला घडलेला मराठी विश्वकोश बघा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ साली आला. अकारविल्हे क्रम, ठळक शीर्षक, मग सरळ माहिती. आज त्या नोंदी युनिकोडमध्ये नेटवर आहेत. मोबाईलवर वाचा, शोधा, नाहीतर ऐका.

सजावट काय, नंतरही होते. तुमच्या पानावरचा मजकूर माऊसने सिलेक्ट होतोय का, तेवढं आधी बघा. होत नसेल तर तो अजून पत्र्यावरच आहे.