उशिरा आलेली कर्तव्ये

यंदा फेब्रुवारीत एका सकाळी शाळेकडे येताना बस थांब्यावरील फलकाकडे लक्ष गेले. कन्नड अक्षरांना कुणीतरी डांबर फासले होते. हा 'कुणीतरी' आमच्याच नववीच्या वर्गातला निघाला. त्याच्या नखांतले डांबर अजून गेले नव्हते. ऑफिसात बोलावून मी त्याला समाजविज्ञानाच्या पुस्तकातले मूलभूत कर्तव्यांचे पान वाचायला लावले. त्याने वाचले आणि विचारले, "सर, ही कर्तव्यं मोडली तर शिक्षा काय?" थोडे थांबून पुढे म्हणाला, "आणि आपल्या मराठी पाट्यांना काळं फासतात, तेव्हा त्यांना हे पान कोण दाखवतं?"

गेली तीस वर्षे मी इतिहास शिकवीत आहे. परंतु या दोन प्रश्नांनी मला पुन्हा विद्यार्थी केले.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीबद्दल १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात शिक्षाही आहे. कर्तव्ये सांगणाऱ्या ५१-क या कलमात मात्र शिक्षेचा शब्दही नाही. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, तेव्हा तिच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क होते. नागरिकांच्या कर्तव्यांची यादी नव्हती. ती आली आणीबाणीत. १९७६ साली काँग्रेस पक्षाने सरदार स्वर्णसिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने आठ कर्तव्ये सुचविली; ४२ व्या घटनादुरुस्तीत दहा आली आणि ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाली. कर्तव्य न पाळणाऱ्यास संसदेने दंड वा शिक्षा ठरवावी, ही समितीची सूचना मात्र स्वीकारली गेली नाही. कर भरणे हेही कर्तव्य मानावे, ही सूचनाही मागे पडली.

आता त्या वर्षाकडे पाहा. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला, की आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. विरोधी मत एकट्या न्या. ह. रा. खन्ना यांचे. ज्या वर्षी नागरिकाच्या स्वातंत्र्याला कुलूप लागले, त्याच वर्षी त्याच्या हाती कर्तव्यांची यादी दिली गेली. 'हक्क विसरा, कर्तव्ये पाळा,' असे ज्यांना त्यातून ऐकू आले, त्यांना दोष कसा देणार?

पण इतिहास तेथे थांबत नाही. १९७७ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले. जनता पक्षाच्या सरकारने ४३ व्या आणि ४४ व्या दुरुस्तीने ४२ व्या दुरुस्तीतले बरेच काही पुसून टाकले. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, अशी तरतूद केली. कर्तव्यांचे कलम मात्र तसेच राहिले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आणीबाणीत जन्मलेले हे कलम, हक्क पुन्हा भक्कम झाल्यावर त्यांच्या शेजारी मानाने बसले.

त्या दोघांनी शेजारी कसे नांदावे, हे एका शाळेच्याच प्रकरणात दिसले. १९८५ साली केरळात तीन भावंडांना शाळेतून काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत. परंतु धर्मश्रद्धेमुळे गात नसत. राष्ट्रगीताचा आदर हे पहिलेच कर्तव्य. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उभे राहण्यात आदर आहेच. गायची सक्ती करणारा कायदा नाही. मुलांना शाळेत परत घ्या. कर्तव्याच्या नावाने हक्क चिरडता येत नाही, हा धडा आम्हा हेडमास्तरांनी तर पाठच करावा.

आता दुसरा प्रश्न, आपल्या सीमाभागाचा. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून पुरेशा सोयी करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असे ३५०-क हे कलम सांगते. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, ते घटनेत आले. मराठी शाळेसाठी आपण निवेदने देतो, सभा भरवतो, न्यायालयात जातो; त्या साऱ्यामागे हा आधार आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. पण त्याच घटनेचे ५१-क कलम धर्म, भाषा, प्रदेश यांच्या भेदांपलीकडे जाऊन बंधुभाव वाढवायला सांगते. 'भाषा' हा शब्द तेथे स्पष्ट आहे. एक कलम छातीशी धरायचे आणि दुसऱ्याला डांबर फासायचे, हे कसे चालेल?

शेजाऱ्याने पाळले तर मी पाळीन, अशी अट त्या कलमात नाही. शेजाऱ्यालाही ते तितकेच लागू आहे, हे त्याला सांगण्याचा अधिकार मात्र आपण स्वतः ते पाळले तरच उरतो.

अकरावे कर्तव्य २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आले : सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे. त्याच दुरुस्तीने त्याच वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. मुलाचा हक्क आणि आई-बापाचे कर्तव्य एकाच दुरुस्तीतून जन्मले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर रॉकेल आणि चिंध्या घेऊन आम्ही दोघे थांब्यावर गेलो. मुलगा मुकाट्याने पुसत होता. अक्षरे उघडी पडू लागली तसा तो ती कन्नड अक्षरे सवयीने वाचू लागला, माझ्यापेक्षा भरभर. "सर, माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं?" त्याने विचारले. मी म्हणालो, "समोरच्याला ते पान दाखवायचं काम तुझं-माझंच आहे. पण हात स्वच्छ करून जायला हवं."

डाग पूर्ण गेला नाही. पण थांब्याचे नाव आता वाचता येते.