मेलबर्न ते अ‍ॅडलेड : किनाऱ्याकिनाऱ्याने

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न व अ‍ॅडलेड ही शहरे थेट महामार्गाने सुमारे ७३० किलोमीटर अंतरावर असून मोटारीने एका दिवसात गाठता येतात. किनाऱ्याच्या वळणदार रस्त्यासाठी मात्र किमान तीन दिवस राखावेत. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ दरम्यान बांधलेला 'ग्रेट ओशन रोड' हे रणात पडलेल्या सहकाऱ्यांचे स्मारकच होय. भारताप्रमाणे वाहने डावीकडून चालत असल्याने मेलबर्नहून निघणाऱ्यास समुद्र आपल्याच बाजूला लाभतो. मुक्काम सूर्यास्तापूर्वी गाठावा. तिन्हीसांजेला कांगारू अचानक रस्त्यावर येतात व धडक जीवघेणी ठरू शकते. जवळची फळे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सीमेपूर्वीच संपवावीत, कारण फळमाशीच्या धास्तीने तेथे कडक निर्बंध आहेत. किंग्स्टनला टाकी भरून घ्यावी. पुढे मेनिंगीपर्यंत वस्ती अगदीच विरळ आहे.